चौथ्या सिलिंडरपर्यंत

एक.

टॅपेट लावायचे, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट मापात बसवायची, ती सिलिंडर पेटतात त्या क्रमानं: एक, तीन, चार, दोन. इंजिन थंड हवं, प्लग काढलेले हवेत, आणि खाली पुलीच्या नटाला लांब पाना लावून इंजिन हातानं फिरवणारं कुणीतरी हवं. दाजींच्या घरी ते कुणीतरी म्हणजे ताई.

ताईनं धाकट्या भावाला फोनवर एवढंच सांगितलं होतं, टॅपेट वाजतायत, ये. गाडीपायी फोन करणाऱ्यातली ती नव्हे. बारक्या तडक निघाला. तो आत येताच दाजींनी फाटकाला कुलूप घातलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. ताईचा ओठ फाटला होता, एक डोळा मिटला होता. घसरून पडली म्हणे. दाजींच्या घरातली फरशी भारी नेमबाज. दर वेळी तोंडच गाठते.

दाजी चिंधी आणायला वळले तेवढ्यात ताई कुजबुजली, "आज मला ने. उद्या मी नसेन."

तीन.

बारक्यानं फटीत मापाची पत्ती घातली. दाजींना फटच नको होती. आवाज बंद झाला पाहिजे, गाडीचा काय नि बायकोचा काय, असं म्हणून ते स्वतःच हसले. फट ठेवली नाही तर व्हॉल्व्ह जळतो, असं बारक्यानं सांगून पाहिलं.

"मेहुणे, मला शिकवू नका."

ताईच्या हातून पाना केसभर पुढे गेला. दाजींनी तिचं डोकं धरून बंपरवर आपटलं आणि पुन्हा फिरव म्हणाले.

तिनं फिरवलं. बारक्या पत्ती सरकवत राहिला.

चार.

पत्तीवर दाजींचा भरवसा नव्हता. सगळं बोटांनी चाचपायची खोड. चेन ढिली वाटते म्हणत त्यांनी उघड्या इंजिनात, पान्याबरोबर फिरणारी चेन आणि तिच्या दातेरी चाकाच्या मध्ये दोन बोटं घातली.

ताई पान्यावर अख्खी लोंबकळली.

हाडं कडकडली. रक्त तेलात उतरलं. दाजींनी मोकळ्या हातानं स्क्रूड्रायव्हर उचलून बारक्याच्या खांद्यात खुपसला. बारक्यानं तोंडावर ठोसा हाणला. दुसरा हाणायचं ठरलं नव्हतं, तो आपसूक पडला. तिसराही.

"बारक्या, किल्ली घे."

रक्तानं चिकटलेल्या खिशातून त्यानं ती ओढून काढली. दाजी आता ओक्साबोक्शी रडत होते.

"उलटं फिरव गं. एकदाच."

ताईनं नटावरचा पाना काढला, चिंधीला पुसला आणि बरोबर घेतला.