कूष्मांड नवमीचं भूत

मी लाल भोपळा. बोलताना माझं तोंड थोडं वाकडं दिसेल, त्याला माझा इलाज नाही. ते मला जन्मानं मिळालेलं नाही, सुरीनं मिळालं आहे. कसं, ते सांगतो.

माझा जन्म गंगेपलीकडचा. रामनगरच्या पुढं एका गावात म्हशीच्या गोठ्याच्या छपरावर मी पावसाळाभर लोळत होतो. खाली म्हशी रवंथ करायच्या, वर मी फुगायचो. मग एकदा मला उतरवून काशीला आणलं, आणि दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत एका भाजीवालीच्या टोपलीत मी विसावलो.

तिथं सुनीतीताईंनी मला उचललं आणि पोटावर टिचकी मारली. "कोंहड़ा एकदम मीठा है," भाजीवाली म्हणाली. "लाल भोपळा चांगला दिसतोय," ताई लेकीला म्हणाल्या. आणि लेक, अकरा वर्षांची रुचा, हळूच म्हणाली, "आई, हाच पंपकिन घे." माणसांना बारसं करायला बारा दिवस लागतात, मला उभ्या उभ्या तीन नावं मिळाली.

ही मंडळी मूळची मिरजेची. रुचाचे बाबा रेल्वेत आहेत, त्यांची बदली झाली म्हणून जूनमध्ये काशीत आली. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात रुचानं बाईंना सांगितलं, "मेरे पोट में दुखता है." सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. त्या दिवसापासून रुचा वर्गात बोलेनाशी झाली. घरी भरभरून बोलणारी मुलगी शाळेत मान हलवून काम भागवू लागली.

स्वयंपाकघरातल्या फळीवर बसून मी सगळं ऐकत होतो. हॅलोविनच्या पार्टीचा बेत तिचाच.

"सगळी मुलं भूत होऊन येतील," ती आईला सांगत होती. "आपण गाणी लावू, खेळ खेळू. भुताला बोलावं लागत नाही ना."

ताई गूळ चिरत होत्या. त्यांनी विळी बाजूला सारली. "करू या," एवढंच त्या म्हणाल्या. वर्गातल्या हिमानीच्या आईला त्यांनी फोन केला, आणि हिमानी चौघांना घेऊन येणार असं ठरलं. रुचानं काळ्या कागदाची वटवाघळं कापली, जुन्या चादरीला डोळ्यांची भोकं पाडली. राहिलो होतो मी.

पार्टीच्या सकाळी ताई सुरी घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि बसूनच राहिल्या. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे घरमालक ढुंढिराजकाका स्नान करून परतले. त्यांच्या कितीतरी पिढ्या इथंच पूजा सांगत आल्या, त्यामुळे त्यांची मराठीही गंगेत बुडी मारून आल्यासारखी आहे.

"अहो, हे काय? आज कूष्मांड नवमी आहे. आज कोंहड़ा दान करतात, कापत नाहीत," काका दारातूनच म्हणाले. "त्यात बायकांनी तर पहिला वार करूच नये."

"तेच तर, काका. माझी आईही कधी करायची नाही. हे ड्यूटीवर गेलेत, म्हणून नुसती सुरी धरून बसलेय."

रुचाचे डोळे भरून आले. "मग माझं भूत?"

"कसलं भूत, बिटिया?"

तिनं सांगितलं. पार्टीचं सांगता सांगता पोटात दुखल्याचंही सांगून गेली. काका ओल्या पंच्यानं कान पुसत ऐकत राहिले. आता हे नाही म्हणणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगू, थोडं हायसंही वाटलं. सुरी फार जवळ होती.

"महादेवाचं गाव आहे हे," काका म्हणाले. "इथं भूत व्हायला कुणाची इजाजत लागते? असं करा. तिथी आहे तोवर हा मला दान द्या. खरं तर पांढरा कोहळा हवा, पण चालेल."

ताईंनी मला हळदकुंकू लावून त्यांच्या हातात ठेवलं. काकांनी संकल्प म्हटला. मग मला मांडीवर घेऊन म्हणाले, "आता हा माझा. याचं काय करायचं ते मी ठरवणार. नवमी सरली की संध्याकाळी कापतो. दात किती पाहिजेत?"

दुखलं का, असं विचाराल. गुदगुल्या जास्त झाल्या. दिवेलागणीपूर्वी काकांनी मला रुंद तोंड आणि तिरके डोळे दिले. माझा गर ताईंच्या घाऱ्यांत गेला, पोटात पणती आली. आयुष्यात प्रथमच मी आतून उजळलो.

पण पाहुण्यांचा पत्ता नाही. शेवटी फोन आला. "हम लोग मंदिर के पास खड़े हैं," हिमानी म्हणाली. कुठल्या मंदिराजवळ, ते विचारेपर्यंत फोन तुटला आणि पुन्हा लागेना. या गल्ल्यांत मंदिर नाही असं वळण दाखवा! कढईत तेल तापलेलं, काकांचे गुडघे दुखरे. रुचानं चादर पांघरली, मला उचललं आणि ती निघाली.

माझी पणती दर पावलाला फडफडत होती. एका वळणावर गल्ली अडवून सांड उभा होता. त्याला माझ्यात भूत दिसलं नाही, जेवण दिसलं. रुचानं मला छातीशी घट्ट धरलं आणि भिंतीला चिकटून सरकत ती पुढं गेली. तिठ्यावर ती थांबली. मला वाटलं, परत फिरेल. तेवढ्यात तिनं श्वास भरून हाक मारली, "हिमानी! किधर है तुम लोग? मेरेको कोई दिखताच नहीं!"

पलीकडच्या गल्लीतून हशा उठला. "अरे, ये तो रुचा है! ऐसे और कौन बोलेगा? बोलती रहो, हम आवाज़ पर आ रहे हैं!"

रुचानं मला आणखी उंच धरलं. मग चादरीतून हसू फुटलं आणि ती बोलतच राहिली, चुकत, अडखळत, मोठमोठ्यानं, पाचही भुतं कोपऱ्यावरून तिच्या अंगावर येऊन आदळेपर्यंत.

त्या संध्याकाळी घाऱ्या कमी पडल्या. गाणी लावायची राहूनच गेली, इतका गलका होता.

आता मी गच्चीच्या कठड्यावर आहे. तोंड आत ओढलं गेलंय, एका डोळ्यात बुरशी धरलीय. त्या दिवसापासून रुचानं माझ्याकडं वळून पाहिलेलं नाही. तिला वेळ कुठला? शाळेतून आली की दप्तर टाकते आणि हिमानीकडं पळते. एका भोपळ्यानं आणखी काय मागावं? तुम्ही मात्र कधी माझ्या भावंडांपैकी कुणाला कोरलंत, तर आतला गर टाकून देऊ नका. त्याच्या घाऱ्या करा, आणि चार जास्तच करा. पाहुणे उशिरा येतात, पण भुकेले येतात.