दुसरा डोस

२०२१च्या मे महिन्यात शिरूर अनंतपाळच्या लसीकरण केंद्रावर रांग दीडशेची असायची आणि डोस चाळीस. चाळिसावा टोचून झाला की नर्स पंचशीला लसीचा डबा बंद करायची आणि उरलेल्यांची बोलणी ऐकून घ्यायची.

त्या दिवशी शेषेराव नावाचे शेतकरी तणतणले, "आपल्या लसी परदेशात वाटल्या, अन् आपल्याच लोकायला न्हाईत!"

तिला ते पटलं. तिचे वडील ज्ञानोबा महिन्यापूर्वी कोरोनानं गेले होते, लस न मिळताच.

संध्याकाळी नेपाळहून विष्णुमायाचा फोन आला. मागच्या दुष्काळात शेतात काम नव्हतं, तेव्हा बापलेक लुंबिनीला, बुद्धाच्या जन्मस्थानी, जाऊन आले होते. तिथं ज्ञानोबांना ताप भरला, तर या म्हातारीनं आठ दिवस घरी ठेवून पेज भरवली होती. तेव्हापासून पंचशीला तिला नेपाळीत 'आमा', म्हणजे आई, म्हणायची आणि फोन चालू होते.

"पहिली लस तुमच्याकडचीच मिळाली, बेटी," विष्णुमाया हिंदीत म्हणाली. "दुसरी येईना. तुमच्या सरकारनं पाठवणं थांबवलंय म्हणे. कधी येईल?"

"माझ्या बाबांच्या वाट्याची तुम्हाला गेली, आमा. बाबा गेले."

पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग फोन बंद झाला.

खरं काय ते पंचशीलाला ठाऊक होतं. मार्चमध्ये केंद्रावर लस पडून होती. 'हरभऱ्याची रास होऊ दे' म्हणत बाबांनीच टाळलं होतं. आले तेव्हा साठा संपलेला.

दुसऱ्या दिवशी शेषेरावांनी पुन्हा तेच काढलं.

"मामा, त्यातली एक लस माझ्या बापाला पेज भरवणाऱ्या बाईला मिळाली," पंचशीला म्हणाली. "दुसरीसाठी ती बी तुमच्यावानी थांबून हाय."

शेषेराव घुटमळले. "वय काय बाईचं?"

"सत्तर."

"मग तर लई अवघड," म्हणत ते रांगेत खाली बसले.

दुपारी तिनं स्वतःहून फोन लावला आणि हरभऱ्याचं सगळं सांगून टाकलं. "आमा, मी लई वाईट बोलले."

"कुणाचं ऐकायचेच नाहीत ते," विष्णुमाया म्हणाली. "माझी पेजसुद्धा अळणी म्हणायचे."

शेषेरावांना जूनमध्ये लस मिळाली. विष्णुमायाला दुसरा डोस ऑगस्टमध्ये मिळाला, जपाननं पाठवलेला. तोवर शिरूरला रोज तीनशे डोस येऊ लागले होते, आणि पंचशीला डबा घेऊन वाड्या-तांड्यांवर लस टाळणारी माणसं शोधत फिरत होती.