मोकळं टोक

तारेचं मोकळं टोक दोन बोटांत धरून ऑपरेटरबाई भिंतीसमोर उभ्या होत्या. भिंतीवर नेटवर्कचा नवा स्विच होता. पुस्तकाएवढा काळा डबा, त्यात ओळीने भोकं, आणि प्रत्येक भोकावर मुगाएवढा हिरवा दिवा. चार भोकांतून चार तारा चार कॅमेऱ्यांकडे गेल्या होत्या, पाचवी इंटरनेटच्या डब्याकडे. सहावी कालपर्यंत टीव्हीकडे जात होती. आज सकाळी त्यांच्या नणंदेने, म्हणजे आत्यांनी, टीव्ही खिडकीपाशी हलवायला लावला आणि तिथवर तार पुरेना. एक टोक स्विचमध्ये होतं, दुसरं हवेत लोंबकळत होतं.

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर गेली होती. तिथे जोडणीची दोरी लोंबकळत ठेवणाऱ्या मुलीला वरिष्ठ बाई नुसतं बघायच्या, आणि तेवढं पुरायचं. त्या नजरेची आठवण पाठीच्या कण्यात अजून शाबूत होती. बाईंनी रिकामं भोक शोधलं आणि टोक त्यात खोचून टाकलं. खट् झालं. समाधान वाटलं.

हा स्विच त्यांनी स्वतः निवडला होता. मागे आत्या न्हाणीघरात घसरल्या, तेव्हा दूरच्या शहरात राहणाऱ्या बाईंच्या मुलाने अट घातली होती: घरात कॅमेरे बसवा, नाहीतर दोघी माझ्याकडे चला. पुन्हा काही झालं तर विचारणारसुद्धा नाही, सरळ घेऊन जाईन. त्याच्याकडे, म्हणजे विसाव्या मजल्यावर, जिथे खिडक्या उघडायलाही परवानगी लागते असं आत्यांचं मत होतं. तेव्हा बाई दुकानात गेल्या.

"पाच भोकांचा पुरेल की," दुकानदार म्हणाला.

"कॅमेरे चार. त्यांना वीजही त्याच तारेतून जाणार. अंधार पडला की आपापले दिवे लावायला चौघेही जास्त मागणार. मग तुमचा हा डबा मान टाकणार."

"मग हा घ्या. आठ भोकांचा."

"आणि भोकं मोकळी राहायला हवीत. भरलेल्या बोर्डावर मी काम करत नाही."

घरी येऊन त्यांनी मुलाला फोनवर घेतलं आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे, पण त्याचं न ऐकता, स्विच लावला. कॅमेऱ्यांचा गट वेगळा केला. भोकांना नावं दिली: फाटक, जिना, परस, बैठक. सेटिंगच्या यादीत एक पर्याय होता, चुकीची जोडणी आपोआप तोडण्याचा. तो वाचून बाईंचे ओठ आवळले. त्यांनी जोडलेली लाइन तोडायची हिंमत आजवर कुठल्या यंत्राने केली नव्हती. त्यांनी तो पर्याय बंद केला आणि मुलाला सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

आता खट् झालं, आणि पाठोपाठ सगळे हिरवे दिवे एकदम फडफडू लागले.

"वहिनी, हे काय हो?" आत्यांनी दिवाणावरून विचारलं. आत्या ज्या आवाजात कुजबुजत, त्या आवाजात इतर लोक भांडतात.

"काम करतोय तो," बाई म्हणाल्या. पण त्यांना तसं वाटत नव्हतं.

दुपारची वेळ. पडदे ओढलेले. खोलीत ताकासारखा पांढुरका उजेड होता आणि त्यात ते दिवे थरथरत होते, पाण्याच्या तळाशी कोणी हिरवे मणी हलवत असावं तसे. बाई खुर्चीत टेकल्या. एक्स्चेंजच्या बोर्डावर असं कधी झालं नव्हतं. सगळे दिवे एकदम लागायचे म्हणजे सगळ्या गावाला एकाच क्षणी कोणाची तरी आठवण यायला हवी. त्यांना वाटलं, आता कानाला लावलं तर सगळी मंडळी एकदम बोलतील. गेलेलीसुद्धा.

"छान दिसतंय हो," आत्या म्हणाल्या, आणि आश्चर्य म्हणजे पुढे काहीच बोलल्या नाहीत.

दोघी बघत राहिल्या. मोबाइल आतल्या खोलीत, दुपारच्या शिस्तीप्रमाणे मुका करून ठेवलेले. बघता बघता आत्यांची मान कलली, मग बाईंची. घर पाण्यात बुडावं तसं शांत झालं.

जाग आली ती दार धडकल्यामुळे. बाहेर संध्याकाळ झाली होती. मुलगा बूट न काढता आत आला. त्याच्या दोन्ही हातांत मोठ्या बॅगा होत्या, आणि त्या ज्या तऱ्हेने हेलकावत होत्या त्यावरून रिकाम्या होत्या हे बाईंना कळलं. कशासाठी, तेही कळलं.

"फोन का उचलत नाही तुम्ही?"

"झोपलो होतो," बाई म्हणाल्या. "बूट."

त्याने बूट काढले. आत्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे. बॅगा दाराशी ठेवून स्विचपाशी गेला आणि तारेवरून बोट फिरवत या भोकातून त्या भोकात पोचला.

"दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये? आई, जे बाहेर जातं तेच फिरून आत येतं. चक्कर आलीय त्याला. हे कोणी केलं?"

"लोंबकळत होतं."

"पण अशी जोडणी तो आपली आपण तोडतो."

"ते मी बंद केलंय."

मुलाने डोळे मिटले, मग तार उपसली. दिवे एकेक करून शहाण्यासारखे लुकलुकू लागले. तो दिवाणाच्या कडेवर बसला आणि त्याने मोबाइल काढला.

"वहिनी, चहा टाकताय ना?" आत्या म्हणाल्या.

"वहिनी, चहा टाकताय ना?" मोबाइल क्षणभराने म्हणाला.

बाई थबकल्या. "यात ऐकूही येतं?"

"पहिल्या दिवसापासून." तो मोबाइलकडे बघत राहिला. "मी चित्र बघत नाही फारसं. कामाच्या टेबलावर पालथा ठेवतो. आवाज चालू असतो."

"कसला आवाज?"

"तुमच्या भांडणाचा."

"आम्ही कुठे भांडतो?" आत्या म्हणाल्या, आणि मोबाइलनेही तेच विचारलं.

मुलगा हसला नाही. "दिवसभर चालू असतं ते. झोपतानाही मी बंद करत नाही. आज मीटिंगमध्ये होतो, आणि एकदम थांबलं." एवढं बोलून त्याने मोबाइल खिशात टाकला, जसं काही बॅटरीबद्दलच बोलत होता.

बाई चहा टाकायला गेल्या. साखरेचा डबा उघडून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा मुलगा दिवाणावर आडवा झाला होता, लहानपणी झोपायचा तसा, तोंड भिंतीकडे करून. श्वास अजून धावत होता. बाईंनी त्याचा चहा बशीने झाकला.

आत्यांनी दाराशी पडलेल्या बॅगांकडे पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदा त्या खरोखर कुजबुजल्या.

"वहिनी, बॅगा भरायला घ्यायच्या का?"

मुलाच्या पापण्या हलल्या. मान उशीवरून जराशी उचलली गेली.

"मोठ्याने बोला, वन्सं," बाई म्हणाल्या. "असं हळू बोललात तर उठेल तो."

आत्यांनी थोडा विचार केला, घसा खाकरला, चहाचा घोट घेतला, आणि या घरात साखर कमी घालण्याचा हुकूम नेमका कोणी काढला, हा प्रश्न पूर्ण आवाजात विचारला.