दुसरा कॉम्प्युटर

तिनं प्रोग्रॅमच्या खोक्याच्या झाकणावरचा लांबलचक क्रमांक भिंगातून पुन्हा वाचला आणि एकेक अक्षर नव्या कॉम्प्युटरवर दाबलं. हे शून्य की ओ, हा एक की आय, हा घोळ कालपासून चालला होता. या वेळी तिनं शून्य धरलं. पडद्यावर तीच लाल ओळ आली. हा परवाना आधीच दोन कॉम्प्युटरवर वापरात आहे.

"त्यातला एक मेला," ती पडद्याला म्हणाली. "त्याला मी काय करू?"

दुकानात ऐकायला कुणी नव्हतं. फळ्यांवर लाकडी फर्मे ओळीनं उभे होते, गिऱ्हाइकांच्या पायांच्या आकाराचे, एकासारखा दुसरा नाही. ज्यांचे पाय बाजारातल्या बुटांत बसत नाहीत, एक आखूड, एक वळलेला, अशांसाठी ती बूट बनवायची. आधी वडील, मग ती आणि धाकटा भाऊ, आणि आता कितीतरी वर्षं ती एकटीच.

जुना कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीवाल्यानं त्यातल्या फाइली वाचवून नव्यात भरून दिल्या, पण त्या फक्त पायांचे आकार काढायच्या जुन्या प्रोग्रॅममध्येच उघडायच्या. आणि नर्सबाईंच्या डाव्या बुटाचा तळ पार गेला होता.

"ताई, दिवसभर वॉर्डात उभं राहायचं असतं," त्या काल म्हणाल्या होत्या. "कंबर बोलायला लागली हो."

माप नव्यानं घेता आलं असतं. पण टाच किती उचलायची, चवड्यापाशी कुठे सैल सोडायचं, हे दर जोडीला त्यांचं दुखलंखुपलं ऐकून ठरत आलं होतं. ते सगळं त्या फाइलीत अडकलं होतं.

तिनं कंपनीला फोन लावला. कंपनी मधल्या काळात विकली गेली होती, नाव बदललं होतं. बराच वेळ वाजंत्री ऐकल्यावर एक थकलेल्या आवाजाची बाई आली.

"मॅडम, फारच जुनी आवृत्ती आहे ही. आधी जुन्या कॉम्प्युटरवरून ती काढून टाका, मग नव्यावर चालेल."

"अहो, जुना सुरूच होत नाही."

"मग इथून काढता येणार नाही. आम्हाला चालू असलेलाच कॉम्प्युटर बंद करता येतो. बंद असलेला नाही."

तिला हसूच आलं. पलीकडची बाईही ओशाळल्यासारखी हसली. कळफलकाचा आवाज आला.

"तुमचा दुसरा कॉम्प्युटर मात्र चालू दिसतोय. तो काढू का? लगेच होईल काम."

"दुसरा कुठला?"

"परवाना दोन कॉम्प्युटरसाठी होता ना? दुसऱ्यावर प्रोग्रॅम आज सकाळीच उघडलाय. कालही. रोजच दिसतोय, मॅडम, सकाळचा."

तिनं भिंग खाली ठेवलं.

दुसरा म्हणजे धाकट्याचा लॅपटॉप. परवाना घेतला तेव्हा ती दुकानात काम करायची आणि तो घरी बसून आकार काढायचा. वडील गेल्यावर दोघांचं फाटलं. लोकांच्या पायांशी बसून मला जन्म काढायचा नाही, असं म्हणून तो निघाला होता, आणि तिनंही नमतं घ्यायचं सोडून परत या दारात येऊ नकोस म्हटलं होतं. दूरच्या शहरात त्यानं कुठल्याशा गोदामात नोकरी धरली. आई गेली तेव्हा आला, कामापुरतं बोलला, परत गेला. तो लॅपटॉप त्यानं केव्हाच भंगारात दिला असेल असं ती धरून चालली होती.

"काढू ना, मॅडम?"

"काढलात तर त्याला कळेल?"

"उघडायला गेले की परवाना रद्द झाल्याचं दिसेल. मग नाही उघडणार."

"नको," ती म्हणाली. "राहू दे तो."

"मग तुमचं कसं होणार? बघते, वर विचारते. पण खात्री नाही देत."

फोन ठेवल्यावर तिनं चुरगळलेले चामड्याचे तुकडे उगाच सरळ केले, कात्री जागेवर लावली, पुन्हा काढली. मग धाकट्याचा नंबर लावला.

"ताई?" त्यानं पहिल्याच घंटेला उचलला. "काय झालं?"

"काही झालं नाही. कामासाठी केलाय." तिनं घसा साफ केला. "आपला जुना प्रोग्रॅम तुझ्याकडे आहे का रे अजून?"



"आहे बहुतेक," तो म्हणाला. "उघडतो अधूनमधून."

"काय करतोस उघडून?"

"काही नाही. बघतो. जुने पाय आहेत ना त्यात."

रोज सकाळी उघडतोस हे मला माहीत आहे, असं ती म्हणाली नाही. कॉम्प्युटर बदललाय आणि कंपनी नव्यावर प्रोग्रॅम चालू देत नाही, तेवढं सांगितलं आणि नर्सबाईंची फाइल पाठवली. त्यानं ती उघडली.

"छापून फोटो पाठवतो," तो म्हणाला. लगेच म्हणाला, "नको. फोटोत आकडे नीट दिसणार नाहीत. मी वाचतो, तू लिही."

तो वाचत गेला, ती लिहीत गेली. मध्येच थांबला.

"टाच एवढी उचललीस?"

"हळूहळू उचलली. आधी त्यांना सोसेना."

"हं. बरोबर केलंस." पुन्हा थांबला. "आणि आतल्या बाजूनं आधार दिलायस. बाबा द्यायचे तसा."

"त्यांचंच बघून."

तो वाचत होता तेवढ्या वेळात त्याच्याकडे कुणी हाक मारली नाही, कुणाची पावलं वाजली नाहीत. तोही घरात एकटाच असावा हे तिच्या लक्षात आलं. विचारलं मात्र नाही.

नर्सबाईंचे बूट झाले. त्या दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारून, बरं वाटतंय म्हणत, तेच घालून कामावर गेल्या. मग एका मास्तरांची फाइल निघाली, मग एका लहान मुलीची. संध्याकाळ झाली की धाकटा आकडे वाचायचा. आकडे संपल्यावर फोन लगेच ठेवला जात नव्हता. एकदा त्यानं विचारलं, दुकानाच्या दाराचं खालचं लाकूड अजून फुगतं का. ती म्हणाली, फुगतं, पायानं ढकलावं लागतं.

एका दुपारी कंपनीतल्या बाईचा फोन आला. आवाजात आज उत्साह होता.

"मॅडम, झालं तुमचं काम! मागेच लागले होते साहेबांच्या. मेलेला कॉम्प्युटर यादीतून काढून घेतला एकदाचा. टाका बरं नंबर, मी थांबते."

तिनं क्रमांक टाकला. लाल ओळ आली नाही. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि प्रोग्रॅम उघडला.

"उघडलं का?"

"उघडलं. तुमचे फार उपकार झाले."

"उपकार कसले, मॅडम. कधीपासून मनात राहिलं होतं."

फोन ठेवून ती पडद्यासमोर बसली. हाताला लागली ती फाइल उघडली, एका गवंड्याचा पाय होता. कडेची कळ दाबली तसा तो संथपणे गोल फिरू लागला. तिच्या जुन्या दुरुस्त्या सगळ्या जिथल्या तिथे होत्या. आता कुणाला काही विचारायची गरज नव्हती. पाय फिरत राहिला. कात्रीला हात लावावासा तिला वाटेना.

बाहेर दिवे लागले तसा फोन वाजला. आज त्यानंच केला होता.

"ताई, कंपनीवाल्यांचं काय झालं? झाला का सुरू तुझा?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. मग हात लांब करून पडदा बंद केला.

"छे रे. दाद देतायत कुठे ते."

"मग पाठव पुढची."

"तुला वेळ आहे? दमून आला असशील."

"थांब," तो म्हणाला, "खुर्ची ओढून घेतो."