चित्र उघडेना

खाणीत तिला सगळे ताईच म्हणायचे. कारण एवढंच, की तिच्याआधी तिचा धाकटा भाऊ तिथे कामाला होता, आणि तिच्या पहिल्याच दिवशी फाटकातून त्याने आरोळी ठोकली होती, "ताई, चष्मा गाडीतच राहिला तुझा!" त्यानंतर झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत कुणालाही तिचं खरं नाव आठवायची गरज पडली नाही.

भावाला बुटक्या म्हणत. शाळेत तो खरंच बुटका होता. दहावीनंतर एकदम ताडमाड वाढला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पोकलेनच्या केबिनमध्ये शिरताना त्याला मान वाकवावी लागे, आणि खालून कुणीतरी हमखास ओरडे, "बुटक्या, डोकं सांभाळ!"

ताईचं काम खाणीतले संगणक चालू ठेवण्याचं. प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, नेट गेलं, की ताईला फोन. त्यात एकच यंत्र जोखमीचं होतं. खाण म्हणजे एक भलामोठा खड्डा, आत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला. त्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर नजर ठेवायला समोरच्या कड्यावर एक रडार होतं. भिंत केसभर जरी सरकली तरी ते टिपायचं. त्याचा संगणक तिथेच एका कुलूपबंद खोलीत होता. त्याला पडदा नव्हता, माणूस नव्हता. चित्र उमटायचं ते खाली कार्यालयातल्या नियंत्रण कक्षात. हिरवं म्हणजे भिंत स्वस्थ, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे पळा. भोंग्याची सूचनाही त्याच चित्रातून यायची.

त्या सकाळी वीज लुकलुकली, नियंत्रण कक्षातला संगणक बंद होऊन परत चालू झाला, आणि चित्र उघडेना.

पडद्यासमोर काका बसत. निवृत्तीला टेकलेले, शांत गृहस्थ. त्यांनी ताईला फोन केला, "ये बाई एकदा. हे काहीतरी इंग्रजीत कुरकुरतंय."

ताई जिना चढून गेली. पडद्यावर एकच ओळ होती: कॅन नॉट ओपन डिस्प्ले.

"म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

"वरचा संगणक चित्र काढायला तयार आहे, पण कुठल्या पडद्यावर काढू ते त्याला कळत नाहीये," ती खुर्ची ओढत म्हणाली.

"पडदा तर हा काय समोर आहे!"

"तुम्हाला दिसतोय हो काका. त्याला दिसायला नको?"

काका हसले. तोवर सगळं हसण्यावारीच होतं. तिने वरच्या संगणकाला पुन्हा जोडणी केली, चित्रांची वाट उघडी ठेवून. जोडणी झाली, अक्षरं आली, चित्र नाही. पडद्याचा पत्ता विचारला, तर उत्तर कोरं. वरच्या संगणकाची मांडणी तपासली. चित्रांना परवानगी होती. मग घोडं पेंड खातंय कुठे?

तेवढ्यात पाळीप्रमुख आत आले. उंचपुरे, घाईचे गृहस्थ. चालताना त्यांच्या बुटांचा आवाज त्यांच्याआधी येई. गेल्याच महिन्यात त्यांनी रडारच्या इशाऱ्यावर सगळी खाण रिकामी केली होती, आणि शेवटी निघाली ती डंपरने उडवलेली धूळ. मोठ्या साहेबांनी चारचौघांत त्यांची जी बिनपाण्याने केली, ती ते विसरले नव्हते.

"कधी होईल?" त्यांनी विचारलं.

"बघतेय साहेब. तोपर्यंत माणसं वर घेता का? आपण आंधळे आहोत आत्ता."

"चित्र गेलं की खाण बंद, असं करत बसलो तर झालंच. तू तुझं बघ."

ताई मान खाली घालून बसली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की चित्र नाही तर नाही, अक्षरं तर येताहेत! रडारचे आकडे वरच्या संगणकात एका वेगळ्या डिस्कवर नोंदले जातच होते. चित्र म्हणजे त्याच आकड्यांना चढवलेला रंग. तिने ती फाइल उघडली. ओळींमागून ओळी सरकू लागल्या, भिंतीवरच्या एकेका ठिकाणाच्या. बहुतेक आकडे नेहमीसारखे बारीक होते. मधला एक पट्टा मात्र तसा नव्हता. ती बघत असतानाच त्या पट्ट्यातला आकडा वाढला. थोड्या वेळाने पुन्हा वाढला, आणि या खेपेला जास्त वाढला.



"साहेब, भिंत सरकतेय," ती म्हणाली.

पाळीप्रमुख मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर काळ्यावर पांढरे आकडे धावत होते. "यात काय कळतं? धूळ असेल. गेल्या वेळीही असेच आकडे होते."

"गेल्या वेळी एकच ठिकाण होतं. आता शेजारशेजारची दहाबारा आहेत, आणि थांबत नाहीयेत."

"दहाबारा शेजारशेजारची आहेत हे तू कशावरून म्हणतेस?"

"क्रमांकांवरून."

"क्रमांकांवरून!" ते काकांकडे वळले. काकांनी नजर खाली वळवली. "हे बघ ताई, तू हुशार आहेस, मी नाही म्हणत नाही. पण आकड्यांवर खाण थांबवत नाहीत. मला पट्टा दिसला पाहिजे, रंग दिसला पाहिजे. चित्र दाखव, पुढच्या क्षणी भोंगा वाजवतो. दे शब्द."

ते खोटं बोलत नव्हते. तेच तर अवघड होतं. त्यांना खरंच चित्र हवं होतं, आणि ते आणून देणं हे तिचंच काम होतं.

ती परत जोडणीला भिडली. या वेळी वरच्या संगणकाने जोडणी होताना पुटपुटलेली प्रत्येक ओळ तिने वाचली. नेहमी जी ओळ कुणी वाचत नाही, तिथेच गोम निघाली. दुसऱ्याच्या पडद्यावर चित्र काढायचं तर एक किल्ली लागते. ती दर जोडणीला नव्याने तयार होते आणि वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलीत लिहिली जाते. ती फाइल लिहिताच येत नव्हती, कारण ते फोल्डर असलेली डिस्क गच्च भरली होती. कशाने भरली? रोजच्या अहवालांसाठी पाळीप्रमुखांच्या माणसांनी साठवलेल्या जुन्या चित्रांनी. ती काढून टाका, असं ताईने दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा "बघू" असं उत्तर आलं होतं, आणि तिनेही मग नाद सोडला होता.

हे कळलं तेव्हा खरं तर तिने लगेच फाइली उडवायला हव्या होत्या. पण मध्ये तिची नजर आकड्यांवर गेली, आणि तिने आधी दुसरंच काम केलं. खोलीबाहेर जाऊन बुटक्याला फोन लावला.

"बोल ताई." मागे इंजिनाची घरघर.

"कुठे आहेस?"

"वरून दुसऱ्या पायरीवर. का गं?"

"मशीन बंद कर आणि बाहेर ये. आत्ता. पश्चिमेची भिंत सरकतेय."

क्षणभर नुसती घरघर. मग तीही थांबली. "साहेबांनी सांगितलं?"

"नाही. मी सांगतेय."

त्याने वाद घातला नाही. लहानपणापासून ताई म्हणाली की ते तसंच, हा त्याचा हिशेब. पण तो म्हणाला, "तळाला पंपवाला आहे. त्या पंपाच्या आवाजात त्याला भोंगासुद्धा ऐकू येत नाही. वॉकीटॉकीचीही बोंब आहे. त्याला हाक मारतो आणि येतो."

"तू नको जाऊस! मी कुणाला तरी सांगते."

"कुणाला सांगणार? मीच जवळ आहे. आलोच."

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला. तो वाजत राहिला. बहुधा केबिनमध्येच राहिला असावा.

ताई आत आली. एकेक अक्षर तपासून तिने जुन्या चित्रांचं फोल्डर उडवलं. जोडणी तोडली, पुन्हा जोडली. पडद्याचा पत्ता आला. तिने प्रोग्राम चालू केला. आधी पांढरी चौकट उमटली, मग करडी भिंत, मग वरून खाली रंग भरत आला. हिरवा, हिरवा, आणि मध्ये तळहाताएवढा लाल डाग. त्याच्या कडा बघता बघता पसरत होत्या.

पाळीप्रमुखांनी शब्द पाळला. "अरे देवा," एवढं म्हणून त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं आणि वॉकीवर ओरडू लागले. खिडकीतून दिसत होतं: डंपर रस्त्याने वर चढत होते, माणसं कामं टाकून धावत होती. ताई खिडकीच्या गजांना धरून एकच उंच आकृती शोधत होती.

भिंत पडली तेव्हा आधी आवाज आलाच नाही. फक्त धूळ उठली. आवाज मागून आला, आणि तो बराच वेळ संपेना.

पंपवाला वाचला. धुळीतून हातापायांवर रांगत वर आला. गुडघेदुखीचा जुना रोगी तो. चढ त्याला नेहमीच जड जाई. दवाखान्यात त्याने ताईला सांगितलं, "मी थांबत थांबत चढत होतो. तो पुढे पळाला असता तर कधीच वर पोचला असता. पण माझ्या पाठीला हात लावून ढकलत होता. म्हणत होता, चला चला, थोडं राहिलंय, वर गेलो की तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचतो. मग पाठीवर हात नव्हता. मी मागे वळलो नाही, ताई. मला भीती वाटली." तो एवढंच सांगू शकला.

बुटक्या तिसऱ्या दिवशी सापडला. त्याला खांदा देणाऱ्या चौघांत पाळीप्रमुखही होते. त्यांनी ताईशी नजर मिळवली नाही, आणि तिनेही मिळवायचा आग्रह धरला नाही.

चौकशी बसली. लांब टेबलामागे तीन माणसं. कंपनीने आधीच लिहून आणलं होतं, की चित्रप्रणाली बंद पडल्यामुळे धोक्याची पूर्वकल्पना मिळू शकली नाही.

"मिळाली होती," ताई म्हणाली. "चित्र बंद होतं, आकडे चालू होते. मी ते वाचून दाखवले. माणसं वर घ्या, असंही मी म्हणाले होते."

"हे कुणी ऐकलं?"

"काकांनी. ते शेजारीच होते."

काकांना बोलावलं. ते उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. ताईकडे न बघता म्हणाले, "यंत्रांचा आवाज होता साहेब. नीट ऐकू आलं नाही."

नियंत्रण कक्षात पंख्याखेरीज आवाज करणारं यंत्र कुठलं, हे चौकशीला बसलेल्या तिघांपैकी कुणी विचारलं नाही.

"आणि डिस्क भरू न देणं कुणाची जबाबदारी?" मधल्या माणसाने विचारलं.

"माझी," ती म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून तिने आढेवेढे घेतले नाहीत.

अहवालात शेवटी तिची जबाबदारी राहिली आणि तिचा इशारा गळला. पाळीप्रमुखांची बदली झाली, काका सन्मानाने निवृत्त झाले. ताईला काढलं नाही. नुसतं रडारपासून लांब, भांडारात बसवलं. काही दिवस तिने तिथे सामानाच्या चिठ्ठ्या छापल्या आणि एका दुपारी राजीनामा दिला.

भावजय घरी एकटीच होती. दिवसकार्यांची माणसं पांगली होती. ताई रोज जाऊन भांडी घासे, पाणी भरे. दोघी फारसं बोलत नसत. राजीनाम्याच्या दिवशी मात्र भावजयीने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"ताई, तुमचा फोन आला तेव्हा ते वरून दुसऱ्या पायरीवर होते ना?"

"हो."

"ती पायरी टिकली म्हणतात."

"टिकली."

"म्हणजे फोन केला नसता तर..."

ताईने वाक्य पुरं होऊ दिलं नाही, पण खोडूनही काढलं नाही. "तर तो मशीनमध्येच राहिला असता. आणि तळाला पंपवाला मेला असता."

बाहेर कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती; किक मारल्याचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता.

"पंपवाल्याची बायको आली होती काल," भावजय म्हणाली. "माझ्या पायावर डोकं ठेवून रडली. मला तिला उठवावंसं वाटलं नाही. वाटलं, तुझा नवरा का वाचावा? इतकी वाईट आहे मी."

"वाईट नाहीस."

"आणि तुमचाही राग येतो. खूप येतो. तुम्ही आलात की येतो, नाही आलात की जास्त येतो."

"येऊ दे," ताई म्हणाली. "मी उद्या येईन."

"या," भावजय म्हणाली, आणि मग तोंडात पदर कोंबून, त्या घरात पहिल्यांदाच, मोठ्याने रडू लागली. ताई तिच्याजवळ सरकली. भावजयीने तिला ढकललं, पुन्हा ढकललं, आणि मग ढकलायचं थांबली.