धुरीत कोंडलेली मैना

मी एक शर्यतीची घोडी आहे, मित्रांनो. नाव मैना, मुक्काम पालमजवळच्या एका खेड्यात. शिंगरू होते तेव्हापासूनच मला धावण्याचं वेड. पुढे जत्रांमधल्या शर्यती मी अशा मारल्या, की माझे मालक किशनराव मिशीला पीळ देत गावभर मिरवायचे. मला गुलाल लावायला नुसती झुंबड उडायची.

मग एका हंगामात धावताना मला ठसका लागू लागला. अर्ध्या वाटेतच छाती भरून यायची.

"नजर लागली हाय माझ्या पोरीला!" गोजरबाई कळवळल्या. त्या किशनरावांची बायको. माझ्यावर त्यांची लेकीसारखी माया. त्यांनी गोठ्याची दारं-खिडक्या लावून रोज मिरच्या-मोहऱ्यांची धुरी सुरू केली. खायला सोयाबीनचं कोरडं भुसकट, टोपली भरभरून. धूळ नाकात, धूर छातीत! मी खोकले की धुरी आणखी वाढायची. इतकं प्रेम मला काही सोसवेना.

"दम गेला हिचा. माळेगावच्या जत्रंत इकून टाकू," किशनराव एक दिवस म्हणाले आणि माझ्याकडे न बघताच निघून गेले. मला फार वाईट वाटलं. गुलालवाले तर केव्हाच पांगले होते.

गोजरबाई मात्र हटून बसल्या. "आधी डॉक्टरला दाखवा. मंग बघू."

परभणीहून जनावरांच्या डॉक्टर सत्यशीलाताई आल्या. नाकातून बारीक नळी घालून त्यांनी आत पाहिलं. मी जागची हलले नाही, हे मुद्दाम सांगते.

"श्वासनळीला सूज आलीय. सौम्य दमा आहे, औषधानं आवरेल. पण धुरी बंद करा, चारा भिजवून द्या, हिला उघड्यावर बांधा. आणि मी सांगेपर्यंत पळवू नका."

गोजरबाईंचे डोळे भरले. "म्हंजी तिचा दम मीच कोंडायलते काय?"

"माया कमी नव्हती, मावशी. हवा कमी पडली."

त्या दिवसापासून मी लिंबाखाली राहू लागले. हळूहळू खोकला ओसरला. डॉक्टरताईंनी होकार दिल्यावर किशनरावांनी मला गोदावरीकाठी नेलं आणि लगाम सैल सोडला. मी धावले, थेट वाळूच्या टोकापर्यंत! किशनराव माझ्या पाठीवरून वाकून माझा श्वास ऐकत राहिले. एकदाही ठसका आला नाही. मग माझ्या मानेला मिठी मारून ते पुटपुटले, "न्हाई इकत तुला. लय चुकलं माझं."

मित्रांनो, तुमच्या गोठ्यात कुणी खोकत असेल, तर नजर काढण्याआधी खिडकी उघडा आणि डॉक्टरला बोलवा. आता मला जाऊ द्या. सकाळ झालीय, किशनराव लगाम घेऊन उभे आहेत.