बाद झालेला शब्द

मित्रांनो, मोटारीत मान असतो तो पुढच्या सीटला. मी मागची. जुनी, तपकिरी, डाव्या अंगाला उसवलेली. उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे, तेव्हा सांगायचं ते आजच सांगून टाकते.

कारखान्यात माझ्या पोटात काथ्या ठासून वर रेक्झिन ताणलं, तेव्हा कारागीर म्हणाला होता, "तीन मोठी माणसं ऐसपैस बसतील." मोठी माणसं माझ्या नशिबी आलीच नाहीत. आल्या दोन मुली. थोरली ताई नऊ वर्षांची आणि भलतीच नियमाची. धाकटी टिल्ली पाच वर्षांची, बिस्किटांचा चुरा करण्यात तरबेज. त्यांचे बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. माणूसही तसाच, तोलूनमापून बोलणारा.

मुलींची आई दोन तासांवरच्या इस्पितळात होती. दर रविवारी आम्ही तिला भेटायला निघायचो. "बाबा, आई घरी कधी येणार?" हा प्रश्न पहिल्या वळणाच्या आतच यायचा. त्यावर बाबांनी एक खेळ काढला. निघताना ते एक अक्षर द्यायचे. त्या अक्षराची, खिडकीतून दिसणारी वस्तू सांगायची. 'प' आला की पूल, पाटी, पंक्चरवाला. शब्द आधी सांगून ठेवला तरी चालायचा. पोचेपर्यंत वस्तू दिसली तर धरायचा, नाही तर बाद. टिल्ली 'उ' आला की दर वेळी उंट सांगून ठेवायची. उंट काही आला नाही.

पण खेळ छान चालायचा. मुली माझ्यावर गुडघे टेकून काचेला नाक लावायच्या, आणि तो प्रश्न मागे पडायचा. एकदा गॅरेजवाला मला थोपटून म्हणाला, "सीट दणकट आहे हो!" आयुष्यातलं तेवढंच कौतुक.

एका रविवारी अक्षर आलं 'आ'. ताईने आरसा पटकावला, पुढच्या ट्रकचा. टिल्ली म्हणाली, "आई."

"ए, आई काय वस्तू आहे? आणि खिडकीतून कुठे दिसते?"

"दिसते! तिसऱ्या मजल्यावर उभी राहून टॉवेल हलवते. हो ना, बाबा?"

बाबांनी गिअर बदलला. "पोचल्यावर बघू," म्हणाले.

आम्ही पोचलो. दोघींनी माना वर केल्या. तिसऱ्या मजल्यावरची ती खिडकी बंद होती. पलीकडच्या खिडकीत एक बाई गादी झटकत होती. ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बाद."

बाबांनी इंजिन बंद केलं, पण ते लगेच उतरले नाहीत.

परतताना कुणी अक्षर दिलं नाही, कुणी मागितलंही नाही. ताई नखाने माझी शिवण उसवत होती. डाव्या अंगाची उसवण ती त्या दिवसाची. पुढे रविवारी कुणाला भेटायला जायचं उरलं नाही. मोटार घरामागच्या पत्र्याखाली गेली, आणि माझ्यावर उंदरांनी संसार थाटला.

आज तीस वर्षांनी दोघी मोटार रिकामी करायला आल्या होत्या. बाबाही आता नाहीत. जरा वेळ माझ्यावर टेकल्या. दोघींचं वजन आता चांगलं भरतं.

ताई म्हणाली, "टिल्ले, तुझा तो शब्द मी धरायला हवा होता गं."

"कुठला शब्द?"

"खेळातला. बाबा अक्षर द्यायचे तो."

"कसला खेळ? मला एवढंच आठवतं, तुला गाडी लागायची आणि पिशवी मी धरायची."

ताई हसली. मग बराच वेळ त्या उसवणीत बोट घालून बसून राहिली.

मित्रांनो, सीट फाटली तर कारागीर शिवून देतो, तिची फार काळजी करू नका. पण प्रवासात लहानग्याने एखादा शब्द सांगितला आणि तो नियमात बसत नसला, तर धरा. ज्याला बाद केलं तो विसरून जातो. बाद करणाऱ्याला मात्र ती खिडकी रोज दिसते.